फोन ते पॉवर्ड स्पीकर : गाण्याची जोडणी नीट कशी करावी

आमच्या सोसायटीच्या गणपतीत एका वर्षी स्थापनेच्या संध्याकाळी फोनवरून गाणं लावलं. टाळ वाजत होते, कोरस लांबून आल्यासारखा ऐकू येत होता, ढोलकीचा ठोका मात्र पोकळ. मुख्य गायकाचा आवाज नव्हताच. तळमजल्यावरच्या आजी पुढच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, म्हणणारा कुठं गेला?"

आम्ही गाणं बदललं, स्पीकर बदलला, फोन बदलला. वीस मिनिटं गेली. शेवटी कुणीतरी फोनला इअरफोन लावून पाहिला, तर गायक खणखणीत गात होता. म्हणजे फोन ठीक, स्पीकर ठीक, गाणंही ठीक. बिघाड फोन आणि स्पीकर यांच्यामधल्या तारेत होता. तिच्या एका टोकाला फोनचा ३.५ मिमी जॅक होता आणि दुसऱ्या टोकाला तीन पिनांचा कॅनन, म्हणजे माइकच्या तारेला असतो तो गोल एक्सएलआर प्लग.

त्यानंतर गेली बरीच वर्षं सोसायटीचा गणपती, कोजागरी, मुलांचं स्नेहसंमेलन, हॉलमधला नाचाचा वर्ग, सगळीकडे आवाजाची जबाबदारी मी घेतो. माझा अनुभव असा की महागडे स्पीकर क्वचितच दगा देतात. घोळ बहुतेक वेळा फोन आणि स्पीकर यांच्यामधल्या वीतभर तारेत नाहीतर अडॅप्टरमध्ये असतो. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्या तारेला दिली आहे.

गायक का हरवतो

फोनच्या जॅकमधून दोन वेगळे आवाज बाहेर पडतात, डावा आणि उजवा. जॅकच्या टोकावर डावा, मधल्या कड्यावर उजवा आणि मागच्या भागात दोघांची सामाईक तार, म्हणजे ग्राउंड. कार्यक्रमासाठीच्या पॉवर्ड स्पीकरचं कॅनन इनपुट वेगळ्या पद्धतीनं चालतं. तिथं पिन १ ग्राउंड आहे. पिन २ आणि पिन ३ वर एकाच आवाजाच्या दोन प्रती अपेक्षित असतात, एक सरळ आणि एक उलटी. स्पीकर या दोहोंमधला फरक घेतो. वाटेत तारेत शिरलेली घरघर दोन्ही पिनांवर सारखीच येते, त्यामुळे फरक घेताना ती आपोआप कटते. याला बॅलन्स्ड जोडणी म्हणतात आणि म्हणूनच मंचापासून मिक्सरपर्यंत ५० मीटर कॅनन केबल बिनधास्त ओढता येते.

आता तयार मिळणाऱ्या पुष्कळ तारांमध्ये फोनचा डावा आवाज पिन २ ला आणि उजवा पिन ३ ला जोडलेला असतो. स्पीकर डाव्यातून उजवा वजा करतो. रेकॉर्डिंगमध्ये गायक, ढोलकीचा मुख्य ठोका आणि खर्जातली वाद्यं साधारणपणे मधोमध ठेवतात, म्हणजे दोन्ही बाजूंना अगदी सारखी. सारख्यातून सारखं वजा केलं की शून्य. उरतात ती बाजूला पसरलेली वाद्यं आणि घुमारा. त्या संध्याकाळी आम्हाला नेमकं तेच ऐकू येत होतं.

याच लक्षणाचं दुसरं कारण आणखी साधं आहे : जॅक पूर्ण आत गेलेला नसतो. फोनचं कव्हर जाड असलं की जॅक मिलीमीटर-दोन मिलीमीटर बाहेर राहतो, ग्राउंड सुटतं आणि पुन्हा तीच वजाबाकी होते. म्हणून गायक गायब झाला तर पहिल्यांदा कव्हर काढा आणि जॅक टक्कन बसेपर्यंत आत ढकला. तरीही नाही आला तर तार बदला.

आधी स्पीकरची पाठ बघा

पॉवर्ड स्पीकर म्हणजे ज्याच्या पोटातच अ‍ॅम्प्लिफायर आहे असा. ओळखायची खूण सोपी : मागे विजेची तार लावायची जागा असते. ती नसेल आणि फक्त गोल, पिळून बसवायचं स्पीकॉन सॉकेट असेल, तर त्या स्पीकरला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो आणि हा लेख त्याच्यासाठी नाही. वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरचं आउटपुट पॉवर्ड स्पीकरच्या इनपुटला कधीही जोडू नका. तिथं येणारा विद्युतदाब कितीतरी पटींनी जास्त असतो आणि आतलं सर्किट जळू शकतं.

मागच्या पट्टीवर साधारणपणे एक किंवा दोन मोठी गोल सॉकेटं दिसतील. त्यांत कॅननही बसतो आणि मधल्या भोकात ६.३५ मिमीचा जाड जॅकही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत तार घ्यायला गेलात तर हीच नावं ऐकू येतील : ३.५ मिमी म्हणजे 'ईपी', ६.३५ मिमी म्हणजे 'पी-३८', आणि एक्सएलआर म्हणजे 'कॅनन'. पी-३८ मागताना मोनो की स्टिरिओ हे आवर्जून सांगा. जॅकवर एक काळी रेघ असली की मोनो, दोन असल्या की स्टिरिओ. काही स्पीकरना लाल-पांढरी आरसीए सॉकेटं किंवा थेट ३.५ मिमीचं सॉकेटही असतं. ते असेल तर निम्मं काम झालं, कारण फोनचा डावा-उजवा आवाज तिथं आतच बेरीज होऊन एक होतो.

त्या सॉकेटांच्या शेजारी 'माइक' आणि 'लाइन' असं बटण शोधा. सगळ्यांत जास्त वेळा आवाज याच बटणामुळे खराब झालेला मी पाहिला आहे. माइकमधून येणारा विद्युतदाब काही मिलिव्होल्ट एवढाच असतो, म्हणून माइकच्या जागी स्पीकर तो शेकडो पटींनी वाढवतो. फोनमधून मात्र पूर्ण आवाजाला अर्धा ते एक व्होल्ट येतो. बटण माइकवर राहिलं तर फोनचा आवाज फाटणार आणि वर 'स्स्स' असा फुसकारा येणार. फोन, लॅपटॉप, मिक्सर यांच्यासाठी बटण नेहमी लाइनवर. काही स्पीकरांत बटण नसतं, एकच गेनचा (आत आलेला आवाज किती वाढवायचा त्याचा) नॉब पूर्ण डावीकडे लाइन आणि उजवीकडे माइक असतो. तिथं नॉब मध्याच्या पुढं न्यायची वेळ आली तर आधी बाकीची जोडणी तपासा.

'थ्रू' किंवा 'लिंक' लिहिलेलं सॉकेट पुढच्या स्पीकरला आवाज देण्यासाठी असतं.

फोनमधून काय बाहेर येतं

आयफोनमधलं ३.५ मिमीचं सॉकेट २०१६ मध्ये आयफोन ७ पासून गेलं. पुष्कळ अँड्रॉइड फोनांतूनही ते गेलं आहे. मग लागतो टाइप-सीचा (जुन्या आयफोनला लाइटनिंगचा) छोटा डोंगल, म्हणजे चार्जिंगच्या भोकाला जॅक जोडून देणारा अडॅप्टर. हे डोंगल दोन जातींचे असतात आणि दिसायला हुबेहूब सारखे. एकाच्या आत डिजिटलचा अ‍ॅनालॉग करणारी चिप, म्हणजे डीएसी, असते. दुसरा नुसती तार असतो आणि फोननं स्वतः अ‍ॅनालॉग आवाज दिला तरच चालतो. दुकानात 'डीएसी असलेला' असा मागा आणि तुमच्याच फोनला लावून, गाणं ऐकून मगच घ्या. पहिल्या जातीचा डोंगल लॅपटॉपलाही चालतो, आणि लॅपटॉपच्या स्वतःच्या जॅकमधून खरखर येत असेल तर पुष्कळदा त्याहून स्वच्छ वाजतो.

चार्जिंग आणि जॅक दोन्ही एकत्र देणारे डोंगल शक्यतो टाळा. चार्जरची गुणगुण थेट गाण्यात उतरते. फोन पूर्ण चार्ज करून आणा. कार्यक्रम लांबणार असेल आणि असा डोंगल वापरावाच लागला तर चार्जरऐवजी पॉवर बँक लावा. तिचा भिंतीतल्या विजेशी संबंध नसल्यानं ती गुणगुण येत नाही.

कोणती तार

दोन स्पीकर आहेत, फोन जवळच ठेवायचा आहे, अंतर तीन-चार मीटर : एक ईपी स्टिरिओ ते दोन पी-३८ मोनो अशी तार घ्या. एक पी-३८ डाव्या स्पीकरला, दुसरा उजव्याला. मोनो पी-३८ बॅलन्स्ड सॉकेटात घातला की उलट्या प्रतीची जागा आपोआप ग्राउंडला जोडली जाते आणि वजाबाकीचा प्रश्नच उरत नाही. ही तार अनबॅलन्स्ड आहे, त्यामुळे पाच मीटरच्या पुढं नेऊ नका.

एकच स्पीकर आहे : तीच तार घ्या, फक्त डावा पी-३८ लावा आणि फोनमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू करा. अँड्रॉइड, आयफोन, विंडोज आणि मॅक, चारही ठिकाणी ही सोय सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत ऑडिओच्या भागात मिळते. मोनो केल्यावर डावा आणि उजवा दोन्ही एकत्र मिसळून दोन्हीकडे सारखेच जातात, म्हणून उजवीकडे ठेवलेलं वाद्य हरवत नाही. दुसरा पी-३८ मोकळा राहील. त्याचं तोंड इन्सुलेशन टेपनं गुंडाळा, नाहीतर लोखंडी स्टँडला लागून तो शॉर्ट होईल.

तार चुकीची आहे का हे ओळखायलाही हेच सेटिंग उपयोगी पडतं. मोनो ऑडिओ चालू केल्याबरोबर स्पीकर जवळपास मुका झाला, तर तार नक्कीच डाव्यातून उजवा वजा करते आहे. दहा सेकंदांची परीक्षा आहे ही. नवी तार घेतली की मी दुकानातच करून बघतो.

हॉलमध्ये कार्यक्रम असेल तर दोन स्पीकर असूनही मी मोनोच वाजवतो. डाव्या भिंतीजवळ बसलेल्या माणसाला फक्त डावा स्पीकर ऐकू येतो, मग त्यानं अर्धंच गाणं का ऐकायचं? फोन मोनोवर ठेवायचा, एक पी-३८ पहिल्या स्पीकरला आणि पहिल्याच्या 'थ्रू'मधून दुसऱ्याला कॅनन केबल. ही कॅनन केबल पंधरा-वीस मीटर असली तरी बिघडत नाही. घरातल्या स्टुडिओ मॉनिटरची, म्हणजे टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग ऐकायच्या स्पीकरची, गोष्ट अर्थात वेगळी. तिथं ऐकणारा एकटा, दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर बसलेला असतो, तेव्हा स्टिरिओच हवं.

जुगाड म्हणून डावा आणि उजवा थेट एकमेकांना पिळून एका पिनेवर आणणारी तार काही जण वापरतात. तसं करू नका. फोनचे दोन आउटपुट मग एकमेकांवरच जोर लावतात आणि आवाज फाटतो. सोल्डरिंग येत असेल तर दोन्हींच्या मध्ये एक-एक किलोओहमचा रेझिस्टर घालून मगच जोडा : डाव्याला एक, उजव्याला एक, त्यांची दुसरी टोकं एकत्र करून कॅननच्या पिन २ ला, आणि जॅकचं ग्राउंड पिन १ आणि पिन ३ दोन्हींना. रेझिस्टर कॅननच्या खोळीत सहज मावतात. दोन स्पीकरांची स्टिरिओ तार बनवायची असेल तर रेझिस्टर नकोत. टोक डाव्या कॅननच्या पिन २ ला, कडं उजव्या कॅननच्या पिन २ ला, ग्राउंड दोन्हीकडच्या १ आणि ३ ला.

फोन लांब असेल तर

निवेदक मंचाच्या एका टोकाला आणि स्पीकर दुसऱ्या टोकाला, अशा वेळी पातळ ईपी तार वाढवत नेण्याचा मोह होतो. त्या तारेवर मग पंख्याच्या रेग्युलेटरपासून रोषणाईच्या माळेपर्यंत सगळं ऐकू येतं. खरा उपाय म्हणजे छोटा मिक्सर. फोन मिक्सरच्या स्टिरिओ चॅनलला दीड-दोन मीटरच्या तारेनं जोडा आणि मिक्सरच्या मुख्य आउटपुटमधून कॅनन केबलनं स्पीकरपर्यंत जा. लांब पल्ला सगळा बॅलन्स्ड होतो. माइकही त्याच मिक्सरला येतात आणि आवाज कमी-जास्त करायला धावत स्पीकरमागे जावं लागत नाही. सोसायटीनं एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर चार चॅनलचा मिक्सर घ्यावा, असं मी आग्रहानं सांगतो. यूएसबीचा असेल तर आणखी चांगलं. लॅपटॉप थेट यूएसबी केबलनं लागतो, अनेक अँड्रॉइड फोनही ओटीजी अडॅप्टरनं लागतात, मग डोंगल आणि ईपी दोन्हींची गरज उरत नाही.

मिक्सरवर एक धोका मात्र आहे. '+४८ व्होल्ट' किंवा 'फँटम' असं बटण असतं. ते कंडेन्सर माइकसाठी माइकच्या कॅनन सॉकेटात वीज सोडतं. फोन चुकून कॅनन अडॅप्टरनं अशा सॉकेटात लावला आणि बटण चालू असेल, तर ती वीज फोनच्या जॅकपर्यंत पोचते आणि जॅकच्या मागचं सर्किट जाऊ शकतं. फोन लावण्याआधी ते बटण बंद आहे ना, हे बोटानं चाचपून बघा, नुसत्या नजरेनं नाही.

मिक्सर नसेल तर स्टिरिओ डीआय बॉक्स, म्हणजे फोनचा अनबॅलन्स्ड आवाज बॅलन्स्ड करणारी छोटी पेटी, हा दुसरा मार्ग. फोन डीआयला, डीआयमधून दोन कॅनन केबल स्पीकरला. इथं एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते : ट्रान्सफॉर्मरवाला साधा डीआय आवाज माइकच्या पातळीपर्यंत खाली आणतो. म्हणून फक्त इथंच स्पीकरचं बटण माइककडे न्यावं लागतं. आवाजाची पातळी तीच ठेवायची असेल तर 'लाइन आयसोलेटर' मागा, त्याच्या ट्रान्सफॉर्मरचं गुणोत्तर एकास एक असतं.

घरी संगीत ऐकण्यासाठी किंवा रेकॉर्डिंगसाठी लॅपटॉपला मॉनिटर जोडायचे असतील तर स्कारलेटसारखा कुठलाही यूएसबी ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपबाहेरचं साउंड कार्ड) घ्या. त्याच्या १ आणि २ क्रमांकाच्या आउटपुटमधून स्टिरिओ पी-३८ ते स्टिरिओ पी-३८ अशा दोन केबल मॉनिटरला जोडा. इथं जॅकवर दोन रेघा असल्याच पाहिजेत. मॉनिटर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा, तारेचं काम तिथंच संपलं.

वीज आणि अर्थिंग

स्पीकर, मिक्सर आणि लॅपटॉपचा चार्जर शक्यतो एकाच बोर्डवरून घ्या. वेगवेगळ्या सॉकेटांवरून घेतलं की त्यांच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक पडतो आणि तो फरक आवाजाच्या तारेतून घुमायला लागतो. तीन पिनांचं, जाड तारेचं एक्स्टेन्शन वापरा. मोबाइल चार्जरसाठी घेतलेली पातळ पट्टी इथं कामाची नाही.

घूं असा आवाज येतो म्हणून प्लगची अर्थची पिन तोडणारे, नाहीतर तिच्यावर टेप लावणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून हे कधीच करू नका. आत काही बिघाड झाला तर स्पीकरचा पत्रा, तिथून केबलचं ग्राउंड आणि तिथून गाणाऱ्याच्या हातातला माइक, सगळीकडे २३० व्होल्ट येऊ शकतात. मांडवातल्या तात्पुरत्या वायरिंगला अनेकदा अर्थिंग दिलेलंच नसतं. पावसाळी हवेत, ओल्या जमिनीवर, लहान मुलं माइक धरणार असतील तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. त्याशिवाय मी मुलांच्या हातात तारेचा माइक देत नाही.

विजेची तार आणि आवाजाची तार शेजारी-शेजारी एकत्र गुंडाळून नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

चालू करण्याचा क्रम आणि आवाजाची पातळी

आधी फोन, मग मिक्सर, सगळ्यांत शेवटी स्पीकर. उलट केलं की मिक्सर चालू होतानाचा 'धप्प' स्पीकरमधून पूर्ण ताकदीनं बाहेर पडतो.

स्पीकरचा नॉब शून्यावर ठेवा. फोनचा आवाज ८० ते ९० टक्क्यांवर न्या. फोनचा आवाज निम्म्यावर ठेवून स्पीकर वाढवणं ही सर्रास होणारी चूक आहे. तारेत शिरलेली खरखर तेवढीच राहते आणि गाणं लहान होतं, मग स्पीकर दोन्ही वाढवतो. उलट स्वस्तातले डोंगल अगदी १०० टक्क्यांना थोडे फाटतात, म्हणून एक-दोन पायऱ्या खाली. मिक्सर असेल तर चॅनलचा फेडर (वर-खाली सरकवायची पट्टी) आणि मुख्य फेडर शून्याच्या खुणेवर आणून गेन हळूहळू वाढवा, मीटर बहुतेक वेळ शून्याच्या आसपास आणि मोठ्या ठोक्याला त्याच्या थोडं वर जाईल एवढाच. मग स्पीकरचा नॉब हवा तितका उघडा. बारा वाजल्याच्या स्थितीच्या आसपास हॉल भरला पाहिजे. नाही भरला, तर मागे कुठंतरी पातळी कमी पडते आहे.

व्यावसायिक उपकरणांची लाइन पातळी +४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट मानतात आणि घरगुती उपकरणांची –१० डीबीव्ही म्हणजे सुमारे ०.३२ व्होल्ट. दोन्हींत जवळपास १२ डेसिबलचा फरक आहे. फोन थेट स्पीकरला लावल्यावर तो मिक्सरपेक्षा थोडा दबलेला वाटतो याचं कारण हेच. नॉब थोडा जास्त उघडावा लागला तर घाबरायचं कारण नाही.

समोरचा 'लिमिट' किंवा 'क्लिप' दिवा मोठ्या ठोक्याला क्षणभर लुकलुकला तर चालेल. सतत पेटलेला असेल तर आवाज लगेच कमी करा. त्या क्षणी गाण्यापेक्षा ट्विटर (स्पीकरमधला वरच्या सुरांचा छोटा पडदा) वाचवणं महत्त्वाचं असतं.

फोनमधले डॉल्बी, बास बूस्ट, इक्वलायझर सगळे बंद. स्पीकरच्या मागे 'म्युझिक', 'स्पीच' असे पर्याय असतील तर आधी सपाट पर्यायावर ऐका. छोट्या हॉलमध्ये खर्ज आधीच कोपऱ्यातून घुमतो, त्यावर आणखी खर्ज चढवला की शब्द कळत नाहीत.

नको असलेला आवाज येतोय

आवाज कसा आहे ते कान देऊन ऐका, निम्मं उत्तर त्यातच मिळतं.

खोल, एकसुरी 'घूं' : अर्थिंगचा फेरा. सगळं एका बोर्डवर आणा. तरीही राहिला तर फोन किंवा लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये लाइन आयसोलेटर घाला. ट्रान्सफॉर्मरमधून गाणं जातं, पण दोन्हीकडच्या तारांचा धातूशी धातू संबंध राहत नाही आणि फेरा तुटतो.

तीक्ष्ण 'झ्झ्झ', लॅपटॉपचा माउस हलवला की बदलणारा : चार्जर. चार्जर काढून पाहा. लगेच थांबला तर रोग सापडला. कार्यक्रम बॅटरीवर चालवा, नाहीतर वर सांगितलेला आयसोलेटर. दोन पिनांच्या चार्जरवर लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर हलकी झिणझिण जाणवते, त्याच गळतीचा हा आवाज असतो.

मंद 'स्स्स', गाणं थांबलं तरी येणारा : पातळीचा घोळ. बटण माइकवर आहे, नाहीतर फोनचा आवाज कमी आणि स्पीकरचा जास्त आहे.

'टर्र टिटि टर्र' : फोनचं स्वतःचं नेटवर्क. २जीवरचा फोन सेकंदाला २१७ वेळा तुकड्यातुकड्यांनी सिग्नल पाठवतो आणि ती फडफड तारेत उतरते. फोन विमान मोडवर टाका.

तार हलवली की येणारा 'खट् खर्र' : जॅकपाशी तार तुटली आहे. ती तार वापरू नका आणि पिशवीत परतही ठेवू नका, कारण पुढच्या वेळी घाईत हीच हाती लागते.

ब्लूटूथ वापरावं का

नाचाच्या रोजच्या वर्गाला, वाढदिवसाला खुशाल वापरा. माणूस स्पीकरच्या दहा मीटरच्या आत असेल आणि मध्ये गर्दी नसेल तर ते छान चालतं. पण समारंभात मी तारच लावतो. माणसाचं शरीर मुख्यतः पाण्याचं असतं आणि पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतं. रिकाम्या हॉलमध्ये तालमीला चाललेलं ब्लूटूथ हॉल भरल्यावर तुटक-तुटक होतं ते त्यामुळेच.

दुसरी गोष्ट उशीर. साध्या ब्लूटूथवर आवाज साधारण २०० मिलिसेकंद मागे राहतो. हवेत आवाज तेवढ्या वेळात जवळपास ७० मीटर जातो, म्हणजे स्पीकर जणू मैदानाच्या पलीकडे उभा आहे. नुसतं गाणं वाजवायला त्यानं काही बिघडत नाही. तानपुऱ्याच्या अ‍ॅपलाही नाही. पण पडद्यावर व्हिडिओ असेल तर ओठ आणि आवाज जुळत नाहीत, आणि फोनवर कीबोर्ड वाजवणं तर अशक्यच. एक स्पीकर ब्लूटूथनं आणि दुसरा तारेनं असं मात्र कधी करू नका. दोघांमधला तो उशीर प्रत्येक ठोका दोनदा ऐकवतो.

जोडणी झाल्यावर स्पीकरचं पेअरिंग बंद करा, म्हणजे प्रेक्षकांतला दुसरा फोन मध्येच जोडला जाणार नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी फोन

गाणी आदल्या दिवशी फोनमध्ये उतरवून घ्या. फुकटच्या अ‍ॅपवर आरतीच्या मध्ये जाहिरात येते आणि त्या वेळी ती थांबवायला कुणाचा हात मोकळा नसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या व्हिडिओतला आवाज आधीच दाबून लहान केलेला असतो. मोठ्या स्पीकरवर त्याची खरखर लपत नाही. कुणाकडून गाणं मागवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. ३२० केबीपीएसची एमपी३ असली तरी पुष्कळ झालं.

विमान मोड, अलार्म बंद, स्क्रीन लवकर बंद होणार नाही असं सेटिंग. शक्य असेल तर जुना, सिम नसलेला फोन फक्त गाण्यांसाठी ठेवा. आमच्याकडे असाच एक आहे. स्पीकरला पेन ड्राइव्ह लागत असेल तर तीच गाणी एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवरही घालून आणा. फोन दगा देईल तेव्हा दोन मिनिटांत गाणं पुन्हा सुरू होतं.

स्पीकर ठेवणं आणि आवरणं

स्पीकर जमिनीवर ठेवले तर पहिल्या रांगेचे कान किटतात आणि मागच्यांना काही ऐकू येत नाही. बहुतेक पॉवर्ड स्पीकरना खाली ३५ मिमीच्या दांड्याची खोबण असते. स्टँडवर एवढे वर न्या की वरचा ट्विटर बसलेल्यांच्या डोक्यांवरून जाईल. माइक असेल तर तो स्पीकरच्या मागच्या बाजूला राहिला पाहिजे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल पडतो, म्हणून मागच्या खुर्चीपर्यंत चालत जाऊन ऐका आणि तिथूनच आवाज किती हवा ते ठरवा.

निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. ठरावीक सणांच्या दिवशी सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देतं. तेवढे दिवस सोडले तर दहाला पाच मिनिटं असताना शेवटचं गाणं संपवा.

आवरताना क्रम उलटा : आधी स्पीकर बंद, मग मिक्सर, शेवटी फोनची तार काढा. केबल कोपरावर पीळ घालून गुंडाळू नका, आतल्या तारा तुटतात. एक वेढा सरळ, एक वेढा उलटा असं हातावर घ्या आणि नाडीनं सैल बांधा. आमच्या पेटीत आता ईपी ते दोन पी-३८ अशा दोन तारा आहेत. दोन्हींच्या टोकाला पांढऱ्या टेपवर 'फोन' आणि 'स्पीकर' असं लिहिलं आहे. ती गायक गायब करणारी तार मधोमध कापून तिची दोन्ही टोकं सोल्डरिंग शिकणाऱ्या मुलांना दिली.